पंचविसावी पिशवी

देवासच्या ज्या रक्तकेंद्रात मी काम करते, तिथे माझी नेमणूक तंत्रज्ञ म्हणून आहे. पण माणसं कमी, त्यामुळे रक्त द्यायला आलेल्याला प्रश्न विचारण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडतं. सकाळी काही खाल्लंय का, झोप झाली का, गोंदवून घेतलंय का, कावीळ झाली होती का, कुठलं औषध चालू आहे का. आणि मग ते दोन-चार प्रश्न, जे विचारले की समोरचा माणूस टेबलावरच्या पेनाकडे बघायला लागतो. बारा वर्षं झाली. आता उत्तराआधीच मला कळतं की हा खोटं बोलणार. राग येत नाही. थकायला होतं, एवढंच.

ही माणसं वाईट नसतात. एखाद्याच्या बायकोचं ऑपरेशन असतं, मागे सासरा उभा असतो, त्याच्यासमोर 'मी नाही देऊ शकत' कसं म्हणायचं? कुणी मित्रांबरोबर शिबिरात येतो, सगळे रक्त द्यायला खाटेवर झोपलेत तर आपणही झोपायचं.

"पीलिया हुआ था कभी?"

"ना मैडम, कभी नहीं."

"भिया, जरा खिडकी के पास आओ. आँख दिखाओ."

मग तो हसतो, कान खाजवतो. "थोड़ा-सा हुआ था. दिवाली के टाइम."

पिशवी तपासली जाते, नाही असं नाही. प्रत्येक पिशवीची पाच रोगांसाठी तपासणी होते आणि त्यानंतरच ती फ्रीजमध्ये जाते. पण रोग नुकताच लागलेला असेल तर काही दिवस तो कुठल्याच तपासणीत दिसत नाही. तेवढ्या दिवसांत रोग्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, खुर्चीत बसलेल्या माणसाचं खरं बोलणं. हे मी कॉलेजांमधून, कारखान्यांमधून, गणपतीच्या मांडवांतून इतक्या वेळा सांगितलंय की माझा मलाच आवाज नकोसा वाटतो. लोक टाळ्या वाजवतात आणि मग एकमेकांना म्हणतात, तू दे आधी.

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास धारहून वडलांचा फोन येतो. वडलांना आम्ही दादा म्हणतो, आमच्याकडची जुनी रीत. ते हालहवाल विचारत नाहीत. थेट विचारतात, "आज किती जमल्या?" म्हणजे पिशव्या. मी आकडा सांगते. जास्त असला की म्हणतात, "वा!" कमी असला की म्हणतात, "लोकांना झालंय काय?" आणि आईकडे फोन देतात.

दादांचं हे वेड माझ्यापासून सुरू झालेलं आहे. माझ्या जन्माच्या वेळी आईचं रक्त थांबेना. दादांचा गट जुळला नाही. ते सायकल काढून धारमध्ये चार ओळखीच्या घरी गेले. एकाकडे पूजा होती, एकाला बाहेरगावी जायचं होतं, एकाच्या आईने दारातूनच सांगितलं की आमचा मुलगा अशक्त आहे. दादा तेव्हा पीथमपूरच्या एका कारखान्यात हेल्पर होते. परतताना पाळीची बस वाटेत भेटली, ड्रायव्हरने विचारलं, काय झालं. दादांनी सांगितलं. त्या माळवी माणसाने बस कडेला लावली, बाही वर केली आणि म्हणाला, "म्हारो लई लो नी." माझं घ्या ना. आई वाचली. दादा त्याच्याकडे मिठाई घेऊन गेले तर तो म्हणाला, मला शुगर व्हायला आलीय, तूच खा. त्याला काही परत देता येईना, म्हणून दादा दुसऱ्यांना द्यायला लागले. गेल्या वर्षापर्यंत चोवीस वेळा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, आणि सांगताना मान खाली घालत नाही. आमचं घराणं महाराष्ट्रातून धारला दरबाराबरोबर आलं असं आम्हीही म्हणतो, पण आमचे आजोबा पागेत घोड्यांना दाणा घालायचे. दरबारी म्हणजे दाराबाहेरचे. दादा चौथी शिकलेले. माझी शाळा सगळी हिंदीत झाली. मराठी घरात बोलायचे तेवढं, लिहायला मी कॉलेजात गेल्यावर स्वतःहून शिकले. म्हणून या लिहिण्यात हिंदी डोकावलं तर डोकावू दे.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. शिक्का मारलेला कागद घरात आला की तो आधी देवापुढे जातो. माझी मॅट्रिकची गुणपत्रिका, विजेच्या मीटरचा कागद, दादांची कायम झाल्याची ऑर्डर, सगळं. आई कोपऱ्याला हळदकुंकू लावते, दिवा ओवाळते आणि मग तो कागद देवघराच्या बाजूला खिळ्याला टांगलेल्या पिशवीत जातो. माझ्या पदवीच्या कागदावर अजून लाल ठिपका आहे. नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "ये दाग कैसा?" मी म्हटलं, "सर, हमारे घर की सील है." दादांची चोवीस प्रमाणपत्रं त्याच पिशवीत.

गेल्या हिवाळ्यात धारच्या आमच्या समाजाने शिबीर ठरवलं. चिटणीसांनी दादांना निरोप धाडला की तुमचं पंचविसावं, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करणार, समोरच्या रांगेत बसायचं. हे समोरच्या रांगेचं काय ते बाहेरच्यांना कळायचं नाही. ती रांग ज्यांचे आजे-पणजे दिवाण-तहसीलदार होते त्यांची. कुणी हटकत नाही, पण कुणी दुसरं बसतही नाही. दादा चाळीस वर्षं समाजाच्या सभागृहात जातायत आणि कार्यक्रमाआधी खुर्च्या लावतायत, नंतर उचलतायत. त्यांना वय विचारलं तर एकसष्ट सांगतात. पासष्टपर्यंत रक्त देता येतं हे त्यांनी माझ्याकडून पक्कं करून घेतलं होतं. फोनवर म्हणाले, "तू ये. शाल कोण देणार ते विचारलं मी, तर म्हणे ठरायचंय. कुणी का देईना."

शनिवारी मी इंदूरला बस बदलून धारला पोचले. दादांनी इस्त्रीचा सदरा खुंटीला लावून ठेवला होता. आईने दशम्या केल्या होत्या. सगळं बरं चाललं होतं.

रविवारी सकाळी आईने दिवा लावला आणि खिळ्यावरच्या पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. "हे बघ, यांचं आमंत्रण. तिकडच्या केंद्रवाल्यांचंपण. तेही सत्कार करणार आहेत बहुतेक. हे तारीख विचारायला जायचं म्हणतायत, पण गुडघ्यामुळे राहिलंय."

कोपऱ्याला कुंकू लावलेलं ते पत्र हिंदीत होतं. सहा-सात महिन्यांपूर्वीचं. दादा मागच्या वेळी धारमधल्या ज्या केंद्राला रक्त देऊन आले होते, त्यांचं. मी चार ओळी वाचल्या.

'सम्माननीय रक्तदाता महोदय, आपके अमूल्य रक्तदान के लिए हम आपके हृदय से आभारी हैं. आपसे अनुरोध है कि शीघ्र ही केंद्र पर पधारकर परामर्शदाता से अवश्य भेंट करें.' खाली शिक्का.

बस. केंद्रावर येऊन समुपदेशकाला भेटा, दुसरं काही नाही. कुठल्याही माणसाला वाटेल की बोलावलंय, मान देणार आहेत. मला तसं वाटलं नाही, कारण हे पत्र मी स्वतः लिहिते. देवासला. अक्षरन् अक्षर असंच. ज्याच्या पिशवीत तपासणीत काही निघालं त्याला आम्ही हे पत्र टाकतो. रोगाचं नाव लिहायचं नसतं, पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्या माणसाची अब्रू जाते. म्हणून नुसतं 'पधारकर भेंट करें'. त्यातला 'सम्माननीय' मीच घातलेला आहे, धारच्या केंद्राने आमचाच नमुना उचललाय. मला वाटलं होतं, वाईट बातमी द्यायचीय तर निदान आदराने द्यावी.

"चांगलं आहे ना गं?" आई म्हणाली.

मी म्हटलं, "दादा कुठायत?"

ते मागच्या अंगणात दाढी करत होते. मी पत्र घेऊन गेले. मला रुग्णांना सांगायची सवय आहे, कसं बसवायचं, पाणी कधी द्यायचं, सगळं शिकवलेलं आहे. त्यातलं काही आठवलं नाही.

"दादा, हे आमंत्रण नाही."

"मग काय आहे?"

"तुमच्या रक्तात काहीतरी निघालंय. काय ते यात लिहिलेलं नाही. तिथे गेल्यावर सांगतील. परत तपासतील. कधीकधी मशीन चुकतंही."

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. अर्ध्या गालाला साबण. "मी बिडी ओढत नाही. दारू नाही. तुला माहितीय."

"त्याचा संबंध नाही. सुईने होतं, न्हाव्याच्या पात्याने होतं. पीथमपूरला तो डॉक्टर एकाच सुईने दहा जणांना टोचायचा, तुम्हीच सांगायचात."

"मग मागची पिशवी?"

मला वाटलं ते विचारतायत की ती कुणाला चढली का. मी घाईने म्हटलं, "नाही नाही, कुणालाही दिली नाही. टाकून दिली असणार. तसाच नियम आहे."

"टाकली?" त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "माझं रक्त टाकलं?"

आजार आहे का, किती आहे, बरं होईल का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. टाकलं, हे एवढंच त्यांना लागलं. मी उगाच काहीबाही बोलत राहिले. जाळतात, नीट नियमाने, वगैरे. ते ऐकत नव्हते.

चूळ भरून ते आत आले आणि सदरा चढवला. मी म्हटलं, जायलाच हवं का? निरोप पाठवू, ताप आहे म्हणून.

"शाल काढून ठेवलीय त्यांनी," दादा म्हणाले. मग थोडा वेळ बटणं लावत राहिले. "तू म्हणतेस ना, प्रत्येक पिशवी तपासतात?"

"हो."

"मग घेऊ दे ना. टोचू दे. पंचवीस होतील, फोटो होईल. मागाहून कळेलच त्यांना, तेव्हा टाकू दे. एक टाकली तशी दुसरी."

मी आयुष्यात दादांना कशालाही 'नाही' म्हटलेलं नाही. फी भरायची म्हणून त्यांनी दोन-दोन पाळ्या केल्यात, मला माहितीय. आणि खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, काय बिघडतं? तपासणीत धरलं जाईलच. कुणाला चढणार नाही. घरातल्या घरात राहील. हे मला वाटलं, मी, जी बारा वर्षं दुसऱ्यांना खिडकीपाशी नेऊन डोळे दाखवायला लावते.

"दादा, माझ्याकडे ती थॅलेसेमियाची मुलगी येते, मी सांगते ना तुम्हाला."

"दर तीन आठवड्यांनी. सात वर्षांची."

"आता आठ. तिला जन्मापासून दुसऱ्याच्या रक्तावर राहायचंय. आत्तापर्यंत शंभरावर माणसांचं रक्त तिच्यात गेलंय, एकाचंही तोंड तिने पाहिलेलं नाही. त्यातला एक जण म्हणाला असता की फोटोपुरतं देऊ, मशीन बघून घेईल, तर?"

"मशीन बघतं ना पण."

"मशीन चालवते मी. माणूस चालवतं, दादा. मी थकलेली असते. मी चुकू शकते."

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. कुणाहीपुढे. आई दारात उभी होती, तिला किती समजलं कोण जाणे. दादांनी माझ्या हातातलं पत्र घेतलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. "चल," म्हणाले.

सभागृहात पोहे-शेवेचा वास, माईकवर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणत होतं. चिटणीस पुढे आले. "या या काका! आज तुमचा दिवस. खुर्च्यांना हात लावायचा नाही हं आज!" पहिल्या रांगेत त्यांना बसवलं. दादा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले, उठायला सोपं पडेल असे.

प्रश्न विचारायचं टेबल व्यासपीठाच्या पायरीशीच मांडलेलं, पहिल्या रांगेला सगळं ऐकू जाईल असं. शिबिरांमध्ये हे असंच असतं; मी कितीदा भांडलेय, टेबल आडोशाला ठेवा, माणूस चारचौघांत खरं कसं बोलेल? टेबलावर धारच्या त्याच केंद्राची एक तरुण मुलगी होती. दादांचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. फोटोवाला कॅमेरा सरसावून उभा.

"अंकल, नाश्ता किया?"

"किया."

"कभी पीलिया, या कोई बीमारी?"

दादांनी खिशातून पत्र काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. कुंकवाचा ठिपका वरच होता. तिने वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला कळलं. ती हळूच म्हणाली, "अंकल, आप इधर मत दीजिए. हम बाद में बात करते हैं."

चिटणीस मागूनच म्हणाले, "अहो काका, काय झालं? घ्या टोचून पटकन, फोटोवाल्याला दुसरीकडे जायचंय."

दादा उठून उभे राहिले. त्यांना हळू बोलता येत नाही, कारखान्यात मशिनींच्या आवाजात उभं आयुष्य गेलेलं. "माझ्या रक्तात दोष निघालाय. दुसऱ्याला चालायचं नाही ते."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर सावरला आणि दुसरीकडे बघायला लागल्या. चिटणीस गोंधळले, माणूस वाईट नाही. म्हणाले, "असं का... मग आपण शालीचं... पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीही नाही. आता कधीच नाही."

ते टेबलापासून निघाले आणि मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले, त्यांच्या नेहमीच्या जागी. मी शेजारी उभी राहिले. थोड्या वेळाने रक्त द्यायच्या रांगेतला एक तिशीतला माणूस, शर्टाला 'रक्तवीर' असा बिल्ला लावलेला, आमच्यापाशी आला आणि दादांकडे न बघता मला म्हणाला, "ताई, तुम्ही याच लाइनीत आहात ना? मी दोन महिन्यांपूर्वी मानेवर टॅटू करून घेतलाय. कॉलर आहे म्हणून दिसत नाही. चालतं का?"

"नाही चालत. वर्षभर थांबा."

"पण नाव पुकारलं तर?"

दादा म्हणाले, "काय होतंय? इथे येऊन उभा राहा."

तो खरंच येऊन उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर दोघांनी मिळून खुर्च्या उचलल्या.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासलं. मशीन चुकलं नव्हतं. ब प्रकारची कावीळ, कधी आणि कशी लागली ते आता कळायचं नाही. इंदूरचे डॉक्टर म्हणाले, यकृत सध्या बरं आहे, सहा महिन्यांनी दाखवत चला. आईला काही निघालं नाही, तिला लस टोचली. दादा डॉक्टरांकडे जाताना चोवीस प्रमाणपत्रांची पिशवी बरोबर घेऊन गेले होते. डॉक्टरांनी ती उघडलीही नाही, वेळ नव्हता त्यांना.

देवासला आल्यावर मी वरिष्ठांना म्हटलं, हे पत्र बदलू या. ते म्हणाले, रोगाचं नाव लिहिता येणार नाही, तुला माहितीय. मी म्हटलं, नाव नको, पण 'सम्माननीय' आणि 'अमूल्य' काढू या, आणि 'यह सम्मान-पत्र नहीं है' एवढं तरी लिहू. ते हसले. नमुना आहे तसाच राहिला. मग मी अशी पत्रं गेलेली जुनी नावं काढून एकेकाला फोन करायला बसले, जेवणाच्या सुट्टीत. अर्धे नंबर लागत नाहीत. नेमावरकडच्या एका शेतकऱ्याला लागला. म्हटलं, आमचं पत्र मिळालं का?

"मिला था मैडम," तो खुशीत म्हणाला. "फ्रेम करवा ली."

मी डोळे मिटून घेतले. मग म्हटलं, भाईसाब, पहले बैठ जाओ.

संध्याकाळी सातला दादांचा फोन येतो, अजूनही. सत्काराची शाल तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी दिली गेली असं आईकडून कळलं. दादा तो विषय काढत नाहीत.

"आज किती जमल्या?"

"एकोणीस."

"वा." मग थोडं थांबतात. हे थांबणं नवीन आहे. "आणि टाकल्या किती?"

पूर्वी त्यांनी हे कधीच विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

"एक, दादा."

"त्याला सांगितलंस?"

"पत्र उद्या जाईल."

"पत्र जाऊ दे," ते म्हणतात. "तू आत्ता फोन लाव. मी ठेवतो."